जुळल्याशिवाय टाका नाही

डॉक्टर मोघ्यांना मुतखड्याचे तुकडे जुळवायचा नाद होता. काढलेला खडा ते पेशंटच्या एक्स-रेवर एकेक तुकडा जुळवत मांडत, आणि आकार पुरा भरला की मगच सुई हातात घेत. "जुळल्याशिवाय टाका नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मानिक चौकातले आमचे शेजारी ते. घराणं आमच्यासारखंच, पिढ्यान्‌पिढ्या झाशीत मुरलेलं. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरतील, पत्ता लागायचा नाही.

तेव्हा दुर्बिणीची ऑपरेशनं इथे आली नव्हती. यांच्या किडनीत हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेला खडा निघाला, आणि दुसरी किडनी तर आधीच निकामी. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. "वहिनी, किडनीला जाणारं रक्त थांबवायचं, बर्फ लावायचा, ती चिरून खडा काढायचा. सगळं घड्याळाकडे बघत. एक तुकडा जरी राहिला, तर पुन्हा वाढणार. फिर मैं भी कुछ नहीं कर पाऊँगा." दुसरा कुणी गोड बोलला असता. मला या खरं बोलणाऱ्याचाच भरवसा वाटला.

ऑपरेशनच्या दिवशी घरून निघताना सासूबाईंनी आमच्याकडच्या जुन्या समजुतीप्रमाणे बजावलं होतं, "आजार अंगातून निघाला की त्यातलं थोडं बेतवेच्या पाण्यात सोडावं. नाहीतर तो परत घराची वाट धरतो." खडा निघाला की बाहेर बसलेल्या नातेवाइकांना दाखवायची दवाखान्यात पद्धत होती. कंपाउंडर ट्रे घेऊन बाहेर आला. "देखो भौजी, कित्तो बड़ो निकरो!" तो दिरांकडे वळला, तेवढ्यात मी एक तुकडा उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला. केवढी बाई मी शहाणी!

थोड्या वेळाने दार उघडलं. डॉक्टर स्वतः आले होते, कपाळ घामाने डबडबलेलं. "एक शिंग कमी आहे. आत सापडत नाही. इथे कुठे पडलं का?"

सगळे वाकून फरशी बघायला लागले. सगळ्या सासरच्यांसमोर काय तोंडाने सांगू? पण आत यांची ती एकुलती एक किडनी बर्फात होती आणि घड्याळ काही थांबत नव्हतं. मी गाठ सोडली, पुढे झाले आणि तुकडा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मोठ्याने म्हणाले, "मिल गया! दाराशीच पडला होता." आणि आत पळाले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एक पुडी दिली, आत तोच तुकडा. "घ्या वहिनी, आता खुशाल सोडा बेतवेत." मी रडायला लागले, तर म्हणाले, "अहो, लघवी उत्तम होतेय त्यांना. रडताय काय? पेढे आणा!"

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. त्यांना खांदा द्यायला हे होते, त्याच किडनीवर. भेटायला गेले तेव्हा मी मोघेवहिनींना सगळं सांगून टाकलं; इतकी वर्षं कुणाजवळ बोलले नव्हते.

त्या म्हणाल्या, "तरीच! त्या दिवशी हे जेवले नाहीत. 'जुळवायच्या आधी ट्रे बाहेर पाठवला, चूक माझी झाली,' एवढंच म्हणाले. त्यानंतर टाके पूर्ण होईपर्यंत त्यांनी ट्रे कधी बाहेर जाऊ दिला नाही."

आणि मी आपली समजत होते, चूक माझ्या एकटीची. ती त्यांनी त्याच दिवशी स्वतःकडे घेतली होती, मला कळूही न देता.