सहाशे आणि खिसावाल्या वहिनी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर सगळ्यात जास्त कशाची चुटपुट लागत असेल, तर ती हुकूम सोडण्याची. "श्वास घ्या. रोखा. हलू नका," असं या गृहस्थांनी म्हणायचा अवकाश, की हवालदारापासून न्यायाधीशापर्यंत सगळे उघड्या छातीने मुकाट उभे राहत. घरी बायकोला "हलू नकोस" म्हटलं, तर ती म्हणायची, "दूध उतू जातंय, तुम्हीच हला."

म्हणून त्यांनी पक्षी धरले. पक्षीसुद्धा ऐकत नाहीत हे कळायला दोन महिने लागले, पण तोवर ते पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या मंडळाचे सभासद होऊन बसले होते.

मंडळात माणसांना नावं नव्हती. ज्याची लेन्स जेवढ्या मिलिमीटरची, तेवढंच त्याचं नाव. "चारशेंना मूतखडा झालाय म्हणे." "पाचशेंच्या मुलीचं जमलं." चारशेंनी काही मत मांडलं तर पाचशे मंद हसत, आणि पाचशे बोलू लागले की सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळत. या सरांनी आयुष्यात कुणालाही काहीही शिकवलेलं नव्हतं. पण मंडळातली पहिली सहाशेची लेन्स त्यांची, म्हणून ते सर. दर बैठकीत ते एकदा तरी म्हणत, "हलकं सामान घेऊन माणूस हवापालटाला जातो, फोटो काढायला नव्हे."

आपले गृहस्थ तीन आठवडे दुकानाच्या चकरा मारत होते. काचेच्या कपाटात एक चारशेपर्यंत पोचणारी, खांद्यावरच्या पिशवीत मावणारी लेन्स होती, आणि तिच्या शेजारी सहाशेची, दंडाएवढी जाड. दुकानदार सरळ माणूस होता. म्हणाला, "साहेब, प्रवासात न्यायची असेल तर हलकी घ्या. चालायचं तुम्हाला आहे." तो आपलं वय काढतोय असं यांना वाटलं. यांनी जड उचलली.

बायको टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर होती. तिथे अठ्ठावीस वर्षं घालवल्यामुळे तिचा हातच काटा झाला होता. नवी बॅग तिने दारातच उचलून पाहिली.

"साडेआठ किलो. वर शे-दोनशे ग्रॅम."

"यात नुसती लेन्स नाही, कॅमेरा आहे, ट्रायपॉडचं डोकं आहे—"

"आणि कंबर कुणाची आहे?"

ती वळल्यावर त्यांनी गुपचूप न्हाणीघरातल्या काट्यावर बॅग ठेवली. आठ किलो सातशे भरली.

तिच्याकडेही कॅमेरा होता. कचेरीतल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून वाढदिवसाला दिलेला, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. मंडळाच्या एका सहलीत तो तिने स्वेटरच्या खिशातून काढला आणि सर इतके हसले, की तिचं नाव खिसा पडलं. तोंडावर मात्र सभ्यपणे 'खिसावाल्या वहिनी' म्हणत.

पुढची सहल दूरच्या तळ्यावर होती. शेवटचा टप्पा छोट्या विमानाचा, माणशी पंधराच किलो. गृहस्थांनी बॅगा पलंगावर मांडल्या आणि हिशोब जमवला: यांची लेन्स यांच्या बॅगेत, यांचे कपडे तिच्या बॅगेत, आणि तिचा जाड स्वेटर व अर्धी वाचलेली कादंबरी घरी. ट्रायपॉडही तिच्याकडे. "तुझ्याकडे तसं काही सामानच नाही ना," असं ते वर म्हणाले. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि चेन ओढली.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर समुद्री गरुडाची जोडी होती. दोन दिवस पहाटेपासून मंडळ चिखलात ट्रायपॉड रोवून तोफखान्यासारखं ओळीत उभं राहिलं. गरुड निवांत बसले होते. एकंदर नऊशे फोटो काढल्यावर गृहस्थांच्या पदरात पडला तो शाई सांडल्यासारखा एक काळा ठिपका. सरांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून मान डोलावली. "ठिपका दमदार आहे," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी यांना पलंगावरून उठता येईना. हजारो लोकांच्या कमरेचे फोटो काढलेले असल्यामुळे नेमके कोणते दोन मणके बोंब मारताहेत हे त्यांना आतून दिसत होतं. मंडळ होडीतून पलीकडे गेलं आणि हे विश्रामगृहात राहिले. बायको उन्हाची टोपी घालून व्हरांड्यात बसली. कादंबरी नसल्यामुळे तिने भिंतीवरचे नियम दोनदा वाचले.

दुपारी बाहेर कावळ्यांचा एकच कल्लोळ उठला. पाठोपाठ पोत्याएवढं काहीतरी धप्पकन व्हरांड्यात आलं आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर बसलं. शृंगी घुबड होतं. डोक्यावर पिसांचे दोन तुरे, संत्र्यासारखे डोळे. कावळ्यांनी पिटाळलेलं, धापा टाकणारं, आणि तिच्यापासून पाच-सहा फुटांवर.

"अहो," ती ओठ न हलवता म्हणाली. "हळू या."

कंबर विसरून ते लेन्स घेऊन दारात आले. डोळा लावला. समोर नुसतं करडं धुकं. ही लेन्स पंधरा फुटांच्या आत आंधळी होती. पलीकडे तळ्यावर ती गरुडाचं पीस शोधत होती, इथे तिला पोत्याएवढं घुबड दिसत नव्हतं.

"पंधरा फूट पाहिजेत," ते पुटपुटले आणि मागे सरकू लागले. उंबऱ्यावर आठ होते. टेबलापर्यंत अकरा. तेरा फुटांवर पोटऱ्यांना पलंग लागला. ते पलंगावर चढले. गादीने त्यांना डुलवायला सुरुवात केली.

"याला म्हणावं थोडं मागे हो!"

"तुम्हीच म्हणा," ती म्हणाली. ती उकिडवी बसली होती. तिने खिशातून कॅमेरा काढून, श्वास रोखून, तीनदा बटण दाबलं. घुबडाने तिच्याकडे रोखून पाहिलं, एकदा पापणी मिटली, आणि ते बाहेरच्या झाडीत निघून गेलं. पलंगावरून खाली उतरायला गृहस्थांना तिचा हात लागला.

घरी आल्यावर ते म्हणाले, "तो घुबडाचा मला पाठव ना जरा." त्यांना तो फोनवर ठेवायचा असेल, असं समजून तिने पाठवला.

महिन्याभराने मंडळाचं प्रदर्शन होतं. तिने कचेरीतून अर्धा दिवस रजा घेतली होती. सभागृहात शिरताच समोरच्या भिंतीवर तिचं घुबड, तीन फूट उंच. खाली पाटी: नवऱ्याचं नाव, आणि 'लेन्स: सहाशे मिमी'.

ते लगबगीने जवळ आले. "मी सांगणारच होतो. मंडळात तुझ्या नावाने लागलाच नसता गं."

"बरं," ती म्हणाली. हा 'बरं' त्यांच्या ओळखीचा होता. संसारात तो आजवर दोनदाच निघाला होता आणि दोन्ही वेळा ते आठवडाभर स्वतःचा चहा स्वतः करून प्यायले होते.

पण थांबायला वेळ नव्हता, चित्राभोवती गर्दी होती. "बघा!" सर सांगत होते. "पिसाची एकेक काडी मोजून घ्या. खिशातल्या खेळण्याचं काम नाही हे." चारशेंनी मान खाली घातली. गृहस्थही रंगात आले आणि आपण दोन तास गुडघाभर पाण्यात कसे उभे होतो ते सांगू लागले. बायको शेजारीच उभी होती हे त्या पाण्यात ते विसरले.

तेवढ्यात त्यांच्या जुन्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई आल्या. यांनी काढलेल्या फिल्म वाचण्यात बाईंचा जन्म गेला होता. त्या चष्मा लावून चित्राला नाक टेकेपर्यंत पुढे झाल्या.

"फिल्मवाले, किती अंतरावरून काढलंत हे?"

"वीस-एक फूट, मॅडम."

"मग याच्या डोळ्यात कोण आहे?"

सगळे वाकले. घुबडाच्या डाव्या डोळ्यात व्हरांड्यातला उजेड पडला होता, आणि त्या उजेडात टोपी घातलेली एक बाई उकिडवी बसून हातात काहीतरी इवलंसं धरून होती. तिच्या मागे दाराची चौकट स्पष्ट होती.

"आणि पाठीमागे पलंगावर तोफ घेऊन कोण चढलंय?" बाईंनी विचारलं.

सभागृहात सगळ्यांनी श्वास रोखला, तेही यांनी न सांगता. गृहस्थांचे कान तापले. खोटं रेटायला अजून वाव होता, तोंडही उघडलं होतं. पण बायको त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती, आणि ते त्यांना सोसलं नाही.

"मी आहे तो," ते म्हणाले. "पुढे बसलीय ती माझी बायको. फोटो तिचा आहे. पाण्यात कुणी उभं नव्हतं."

सरांना धक्का बसला, पण खोटेपणाचा नाही. "म्हणजे हा... खिशातल्या कॅमेऱ्याचा?" त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं, आणि दहा मिनिटांपूर्वी ज्या पिसांच्या काड्या मोजवत होते तिथेच त्यांना वाळूसारखे दाणे दिसू लागले. "सावल्या साफ नाहीत. मंडळाची काही पातळी आहे. उतरवा हा."

"मघाशी चांगला होता ना?" बायकोने विचारलं.

"वहिनी, तांत्रिक बाबी आहेत. तुम्हाला नाही कळायच्या."

"नसतील. पण पाठवणाऱ्याचं नाव चुकलं म्हणून आतला माल खराब झाला, असं आमच्या खिडकीवर कुणी म्हणत नाही."

चारशे मोठ्याने हसले आणि सरांनी पाहताच खोकू लागले. चित्र उतरलं. डॉक्टरीणबाईंनी ते आपल्या दवाखान्यासाठी तिथल्या तिथे मागून घेतलं. ते पोचवायला दोघं दोन टोकं धरून रस्त्याने निघाली.

"रागावलीस?"

"हो."

"किती?"

"अजून तोलला नाही. वर धरा, तुमची बाजू खाली जातेय."

पुढे यांची सहाशेची लेन्स चारशेंनी विकत घेतली. ते एका दिवसात सहाशे झाले, सरांच्या शेजारी बसू लागले, आणि पंधरवड्यात कमरेला पट्टा बांधून हिंडू लागले. गृहस्थांनी मंडळ सोडलं. आता सहलीला निघताना बॅगा बायको भरते, स्वेटर आणि कादंबरी आधी जातात, आणि यांच्या वाट्याला तिने नवी घेतलेली दुर्बीण येते, तीही तिने मागितली की द्यायची या अटीवर.

दवाखान्यातल्या चित्राखालची पाटी मात्र यांच्याच सुबक अक्षरात आहे. मजकूर बायकोने सांगितला, यांनी हूं की चूं न करता लिहिला. वरच्या ओळीत तिचं नाव. खालच्या ओळीत: 'डाव्या डोळ्यात, मागे, पलंगावर उभे: यजमान.' नंबर लागेपर्यंत पेशंट उठून चित्राला नाक लावतात आणि त्यांना शोधत बसतात.