चुकलेला प्रोग्राम

आमच्या कॉलेजातल्या संगणक प्रयोगशाळेला काचेचं दार आहे. काल जाताजाता त्यातून कुलकर्णी सर दिसले. एका विद्यार्थिनीच्या कॉम्प्युटरपुढे वाकून ते चक्क हसत होते.

सरांची सगळी नोकरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनात गेली. पूर्वी त्यांनी विषय सांगितला की लोक त्यांची तब्येत विचारायचे. आता शाली मिळतात. प्रमुख पाहुण्यांना त्यांचं काम समजलेलं नसतं, पण नारळ ते आदराने देतात.

दरम्यान यंत्रं प्रोग्राम लिहायला शिकली आणि सरांचे विद्यार्थी निर्दोष प्रोग्राम आणून देऊ लागले. "कुणाला काय येत नाही, तेच कळेनासं झालंय हो," असं सर परवा चहा घेताना म्हणाले होते. शिक्षक मुलाच्या डोक्यात शिरतो तो त्याच्या चुकीतून. आपलं काम फार यशस्वी झालं की माणूस रिकामा होतो, हे सत्काराच्या भाषणात कुणी सांगत नाही.

मी दार ढकललं.

"कोणी लिहिलाय हा?" सर विचारत होते.

"मीच, सर. चालतच नाहीये."

"दिसतंय." त्यांनी खुर्ची ओढली. "या ओळीत तुझ्या मनात काय होतं?"

तिने चाचरत सांगितलं. उत्तर चुकीचं असणार, हे सरांच्या खुललेल्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"घरून नीट करून आणते, सर."

"नको, नको," सर घाईने म्हणाले. "इथेच करू. मला वेळ आहे."