बायकोचे मामा आणि त्यांची यमकं

इंग्रजी भाषेतला एकही शब्द एकटा राहू नये, अशी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या कॅनडात एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. शब्द दिसला की मामा त्याला यमकात बसणारा जोडीदार शोधत, दोघांचे मराठी अर्थ सांगत आणि त्यांचा परस्परांशी काय संबंध आहे हे समोरच्याला पटवून देत. संबंध नसला तर जुळवून देत. आम्ही दोघं पुण्याहून आलो तेव्हा एअरपोर्टवर तेच घ्यायला आले होते. गाडीत बॅगा ठेवतो न ठेवतो तोच विचारलं, "जावईबापू, रेंट म्हणजे काय?" म्हटलं, भाडं. "आणि टेंट?" तंबू. "बस्स. पहिलं थकलं की दुसऱ्यात जायचं. एवढं कळलं की कॅनडा कळला." त्या वर्षी कोक्विटलामच्या चढावर माझी गाडी पहिल्याच बर्फात आडवी झाली. मी विंटर टायर्स घातले नव्हते. फोन केला तर मामा पलीकडून शांतपणे म्हणाले, "स्नो म्हणजे बर्फ, स्लो म्हणजे हळू, टो म्हणजे ओढून नेणे. दुसरं विसरलात म्हणून तिसऱ्यावर आलात." आणि मग अर्ध्या तासात स्वतः फावडं घेऊन हजर झाले.

मामा सत्तरच्या दशकात यवतमाळहून इकडे आलेले स्ट्रक्चरल इंजिनिअर. शाळेत त्यांचं इंग्रजी इतकं कच्चं होतं की आठवीत दोनदा बसावं लागलं. दुसऱ्या खेपेला सायकलवरून शाळेत जाता-येता त्यांनी शब्दांच्या जोड्या लावून त्या मोठ्यांदा म्हणायला सुरुवात केली आणि पास झाले. तेव्हापासून ही विद्या त्यांनी सोडली नाही. "शब्द म्हणजे भिंत आहे हो," ते म्हणत, "एकटी उभी केली की वाऱ्यानं पडते. शेजारी दुसरी पाहिजे."

त्यांच्यासोबत घर बघायला जाणं म्हणजे दिव्य होतं. एजंट स्वयंपाकघराचं कौतुक करत असताना मामा बेसमेंटमध्ये उतरून भिंती हुंगत आणि खालून ओरडत, "मोल्ड! बुरशी! मोल्ड असेल तर नो सोल्ड!" अशी तीन घरं आमच्या हातची गेली, आणि चौथं मिळालं त्यात आजतागायत बुरशी धरलेली नाही. लग्नात भाषण करायला उभे राहिले की सांगत, "वेड म्हणजे लग्न करणे. इंग्रजीतून मराठीत अर्थासकट आलेला हा एकच शब्द." इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात ते मुलांना मराठी शिकवत, तेही यमकांतूनच. "कॅट म्हणजे मांजर, रॅट म्हणजे उंदीर. रॅट खाऊन खाऊन कॅट काय होते?" यावर आमची मुलगी म्हणाली, "ओबीस." आणि वर, "दॅट्स सो लेम, मामाआजोबा!" मामांना कोण आनंद झाला! "लेम म्हणजे लंगडा! नेम म्हणजे नाव! शेम म्हणजे लाज! सांग, सांग पुढचं!" एका परिचितांच्या अंत्यविधीलाही त्यांना राहवलं नाही. शेजारी बसलेल्या, त्या गेलेल्यांच्या मुलाच्या कानाशी लागून ते हळूच म्हणाले, "मॉर्न म्हणजे शोक करणे, बॉर्न म्हणजे जन्मलेला, टॉर्न म्हणजे फाटलेला." मी शरमेनं मान खाली घातली. पण सकाळपासून दगडासारखा बसलेला तो मुलगा मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला.

या विद्येचा एकच पराभव झाला होता, आणि तो घरात. मामी इकडे आल्या तेव्हा मामांनी पहिल्याच हिवाळ्यात त्यांची शिकवणी सुरू केली. एकदा चार पाहुण्यांसमोर त्यांनी विचारलं, "सांग गं, कोल्डला काय जुळतं?" मामी गडबडून "स्वेटर" म्हणाल्या. पाहुणे हसले, मामाही हसले. मामी पोळ्या लाटायला आत निघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "तुमचं यमक तुमच्यापाशी ठेवा." त्यानंतर चाळीसेक वर्षांत त्यांचं इंग्रजी ग्रोसरीच्या दुकानाबाहेर पडलं नाही. दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात सकाळपासून झोपेपर्यंत मराठी चाले, मामींच्या बाजूनं जरा तिखटच. "काहून ओरडून राहिले? ऐकू येते मला," एवढं ऐकल्याशिवाय मामांचा चहा संपत नसे.

एका नोव्हेंबरात सकाळी मामा वॉशरूममध्ये पडले. मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि मराठी गेली. मी हे अतिशयोक्तीनं सांगत नाही. डॉक्टर म्हणाले की दोन भाषा बोलणाऱ्या माणसांत कधी कधी असं होतं, एक भाषा उरते आणि दुसरी पुसली जाते. मामांची आईची भाषा गेली आणि सायकलवर घोकलेली राहिली. तीसुद्धा धड राहिली नव्हती, पण ते आम्हाला पुढे कळलं.

मामी पहिले काही दिवस रोज हॉस्पिटलमध्ये येत होत्या. पलंगाशी बसून, "अहो, मी आलेय. अहो, बघा ना," असं म्हणत होत्या. मामा त्यांच्याकडे बघत, पण परक्या भाषेतली बातमी लागलेल्या टीव्हीकडे बघावं तसं. एके दिवशी मामींनी डबा पिशवीत परत भरला. पार्किंगमध्ये माझ्या बायकोला म्हणाल्या, "तो माणूस माझा नाही गं. माझं एक अक्षर त्याला कळत नाही." आणि त्यांनी यायचं बंद केलं. आम्ही समजावलं, माझी बायको रडली, भांडली. मामी घराचे पडदे लावून बसून राहिल्या.

हॉस्पिटलमध्ये वेगळंच चाललं होतं. आधी नर्सनं मला विचारलं, "ते सारखे डॉटर मागतायत. त्यांच्या मुलीला बोलावता येईल का?" मी म्हटलं, त्यांना मुलगी नाही. मला वाटलं, मूल नसल्याचं दुःख आता असं वर आलं असेल, आणि मी घरी हे कुणाला सांगितलं नाही. मग एका दुपारी हॉस्पिटलमधल्या एका बाईंचा ऑफिसात फोन आला. मामा कालपासून ओरडून सुरी मागत होते. नाइफ, नाइफ! डाव्या हाताचं बोट गळ्यावरून फिरवत होते. त्यांचा प्लास्टिकचा काटासुद्धा काढून घेतला होता. "पूर्वी कधी हिंसक वागले होते का?" असं विचारून त्या बाईंनी सांगितलं की असंच चाललं तर रिहॅबमध्ये, म्हणजे चालणं-बोलणं पुन्हा शिकवतात त्या विभागात, त्यांना घेणार नाहीत, कुलूपबंद वॉर्डात ठेवावं लागेल. तिथून कुणी सहसा घरी येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला ते माहीत होतं.

बर्नाबीच्या ऑफिसातून मी कसा पोचलो ते आठवत नाही. मामांचं डावं मनगट पट्ट्यानं पलंगाला बांधलेलं होतं. उभ्या जन्मात ज्यांनी माशीवर हात उगारला नाही त्यांना असं बांधलेलं बघून मी नर्सला विनंती करून पट्टा सोडवला. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माय नाइफ. व्हेअर माय नाइफ?" बोट गळ्यावरून फिरलं. पण ते आडवं फिरलं नाही. एका खांद्याजवळून निघून छातीवर उतरलं आणि दुसऱ्या खांद्याकडे चढलं. मग त्यांनी तेच बोट दोन भुवयांच्या मध्ये टेकवलं.

मंगळसूत्र. कुंकू.

मी म्हटलं, "मामा, वाइफ?" त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, हलवतच राहिले. मग एकदम आठवलं, आणि मी टेबलावरच्या जगमधून ग्लासभर पाणी ओतून त्यांच्या ओठांना लावलं. डॉटर, वॉटर. तो ग्लास त्यांनी एका दमात संपवला.

नर्सला मी सांगितलं, "ही डझन्ट वाँट अ नाइफ. ही वाँट्स हिज वाइफ." तिला आधी हसू फुटलं, मग तिनं तोंडावर हात ठेवला. "ओ गॉड," ती म्हणाली, "आणि आम्ही त्यांना बांधलं."

त्यांना हव्या त्या शब्दाऐवजी त्याच्या शेजारचा येत होता, एवढंच. शेजार मात्र त्यांनी स्वतःच वसवलेला होता.

तसाच मामींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "एवढी वर्षं संसार केला आणि शेवटी मला सुरीच म्हणाले ना!" आणि उठून शाल शोधायला लागल्या. शाल खांद्यावरच होती.

वॉर्डात त्या दारातून आत आल्या तेव्हा मामा पुन्हा म्हणाले, "नाइफ." मामी पलंगाशी गेल्या, त्यांचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि चाळीस वर्षांत त्या जे कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. "येस," त्या म्हणाल्या. "नाइफ. मीच."

फाइलमधला हिंसक असल्याचा शेरा निघाला, पण तोवर रिहॅबमधली जागा दुसऱ्या कुणाला गेली होती. पुढची मिळाली तेव्हा मोलाचे आठवडे वाया गेले होते. मामा घरी आले ते व्हीलचेअरमध्ये, आणि मराठी काही परत आली नाही. मामींनी मला म्हटलं, "जावईबापू, मला शिकवा." सत्तरी ओलांडलेल्या मामी पोळ्या लाटता लाटता "कोल्ड, ओल्ड, गोल्ड, फोल्ड" म्हणू लागल्या. मामा "गोल्ड" म्हणाले की त्या एक एक वस्तू दाखवत, अंगावर पांघरूण घातल्यावर मामांची मान हलली की कळायचं, थंडी वाजतेय. एकदा संध्याकाळी मामा खिडकीशी बसून "स्पून, स्पून" म्हणत होते. मामींनी घरातले सगळे चमचे आणून त्यांच्या मांडीवर ठेवले. मामा चिडून ते खाली टाकायला लागले, तेव्हा मामींनी बाहेर बघितलं. शेडच्या छपरावर मोठा चंद्र आला होता. हे सांगताना मामी हसत. तुमच्या मामांनी घरात कधी मला चंद्र दाखवला नव्हता, म्हणत.

पुढच्या वर्षी पानगळीत मामा गेले. दुपारी स्वयंपाकघरात दोघंच होते. मामा हात वर करून म्हणाले, "गेट." मामींनी जाऊन मागचं फाटक उघडलं. परत आल्या तर पुन्हा, "गेट." प्लेट आणली. कॅलेंडर काढून डेट दाखवली. नाही, नाही. शेवटी बेसमेंटमध्ये जाऊन सफरचंदांचा रिकामा क्रेट घेऊन वर आल्या, तोवर मामांची मान कलली होती.

त्यानंतर मी रविवारी मामींकडे जाऊन बसतो. मध्यंतरी अशाच एका पावसाळी दुपारी त्या आपण होऊन म्हणाल्या, "मला वाटतं, ते वेट म्हणत होते." माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "वेट म्हणजे थांब ना? थांब म्हणत होते. आणि मी नुसती धावत होते."

मी म्हटलं, "मामी, लेट असेल. किंवा खरंच फाटक हवं असेल."

"असेल," त्या म्हणाल्या.

चहा टाकतो म्हणत मी उठायला लागलो. मला जावई म्हणून कायम अहो-जाहो करणाऱ्या मामींनी माझं मनगट धरलं. "बस रे," त्या म्हणाल्या. "चहा घेऊ नंतर."

मी बसलो. बाहेर अंधारून येईपर्यंत आम्ही दोघंही उठलो नाही.