हौसाने वाचलेला कागद

हौसा चौथी पास. मिठागरात टोपल्या उचलत वाढलेल्या तिच्या बरोबरीच्या बायकांत तेवढी शिकलेली ती एकटीच. गावात कुणाकडे सरकारी पत्र आलं, की हौसाच्या ओटीवर यायचं. चष्मा चढवून, घसा खाकरून ती वाचून दाखवायची. याचा तिला मनातून फार गर्व.

पनवेलजवळ, विचुंब्याच्या पुढच्या त्यांच्या गावात शाळेची एकच खोली होती. मुलं अकरा, मास्तर एक, चारुदत्त सर. नात प्रांजल दुसरीत, म्हणून हौसा शाळा समितीची अध्यक्ष झाली होती. पट वाढला नाही आणि शाळा बंद पडली तर प्रांजलला रोज हायवे ओलांडून जावं लागणार, हाच तिच्या जिवाला घोर.

"मावशी," सर म्हणाले, "खोली अशी करू, की इंग्रजी शाळेत गेलेली पोरं परत येतील. पैसे मात्र मागू नका."

हौसाने टोपली उचलली आणि नव्या इमारतींची वाट धरली. तिथे फुटक्या लाद्यांचे ढीग पडलेले असायचे.

"काय आजी, बंगला बांधताय?" वॉचमनने चिडवलं.

"व्हय. तुला गेटवर ठेवीन, ये!"

लाद्या जमिनीत बसल्या, त्यांवर ऑइलपेंटने पाढे आले. पोरं उड्या मारत पाढे म्हणू लागली. दीर दादूचं फाटकं जाळं छताला टांगलं. जुन्या लग्नपत्रिका कापून हौसाने मासे केले, प्रत्येकावर एक अक्षर. मासा पकडायचा आणि त्यावरच्या अक्षराचा शब्द सांगायचा. शेजारच्या भामाच्या आर्यनने 'ह' पकडला आणि मासा उलटापालटा करून बघू लागला.

"आम्ही म्हण. त्यात ह आहे," सर म्हणाले.

"आमी बोलतो आमी. आमच्या घरात ह नाय सर."

"मग 'घरात हाय' म्हणतोस, तो 'हाय' कुठनं आला रे?" हौसा दारातून ओरडली. सगळी खोली हसली.

दोन मुलं खरंच परतली. सरांनी 'खोली बघायला या' असं पत्र तालुक्याच्या शिक्षण ऑफिसला धाडलं.

पंधरा दिवसांनी दुपारी ऑफिसचा एक कारकून अध्यक्षांच्या सहीसाठी कागद घेऊन आला. सर पनवेलला बैठकीला गेलेले. हौसाने चष्मा लावला. 'शाळेच्या समायोजनास समितीची हरकत नाही.' समायोजन? ती क्षणभर अडखळली. आयोजन तिला ठाऊक होतं. हळदीकुंकवाच्या प्रत्येक बोर्डावर असतं. म्हणजे सरांच्या पत्राला उत्तर आलं. साहेब येणार, कार्यक्रम होणार.

"कळलं ना, मावशी?" कारकुनाने विचारलंही.

"चौथी पास हाय मी," ती म्हणाली आणि वळणदार सही केली. संध्याकाळी तिने बायकांना रांगोळी काढायला सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कागदातला तो शब्द तिच्या तोंडून ऐकून सर मटकन लादीवरच बसले. "मावशी, समायोजन म्हणजे आपली शाळा दुसऱ्या शाळेत घालणार. ही बंद."

सरांनी ऑफिसात चार खेटे घातले. समितीनेच संमती दिली आहे, एवढंच उत्तर मिळालं. पालक जमले तेव्हा सर हळूच म्हणाले, "फसवून सही घेतली, असं सांगू."

हौसा उभी राहिली. "फसवलं नाय कुणी. मी वाचला कागद. शब्द कळला नाय, आनि विचारायची लाज वाटली."

मग भामा म्हणाली, "काकी, शिव्या तरी कुनाला घालू आता? माझा आर्यन नाय जायचा त्या हायवेवरून."

तो गेला नाहीच. घरीच बसला. जूनमध्ये तेरांपैकी सातजण नव्या शाळेत निघाले. हौसा पुढे, प्रांजलचा हात घट्ट धरलेला, बाकीची एकमेकांच्या दप्तराला धरून. कंटेनरची रांग थांबेपर्यंत कधी दहा मिनिटं जातात, कधी वीस. पोरं फाटकातून आत गेली, की गुडघ्यांमुळे तिला घरी जाऊन पुन्हा न्यायला येणं होत नाही. शाळा सुटेपर्यंत ती पलीकडेच, उड्डाणपुलाच्या सावलीत बसून राहते.