आजी दाराबाहेर
फिनेलचा वास आला की मला कळमनुरीच्या दवाखान्याचं दार आठवतं. पहिल्या बाळंतपणाला आमच्या आदिवासी वाडीवरून मला तिथं नेलं, तेव्हा सुईण आजी सोबत होती. आदल्या साली बाळंतपणाला तिथं गेलेली आमची शेजारीण परत आलीच नव्हती, म्हणून मी आजीचा हात सोडत नव्हते. दारात शिपाई म्हणाला, "म्हातारीला आत सोडता येत न्हाई." कळ आली तशी मी उंबऱ्यातच बसले. "आजी न्हाई, तर मी बी आत येत न्हाई!" ओरडणं ऐकून नर्सबाई बाहेर आल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आजी, हातपाय धुवा अन् या." पोरगी रडेस्तोवर आजी माझ्या उशाशी बसून होती. आता मी वाडीवरची आशाताई आहे, बाळंतपणाला निघालेल्या बाईला दवाखान्याच्या गाडीत बसवायच्या आधी विचारते, "सोबत कोण पायजे, माय?"