शेंदराखालची जपानी बंदूक

नोकरीत मी कट्टे पकडले, तलवारी पकडल्या, एकदा तर लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या मामाच्या कमरेचं भरलेलं पिस्तूल काढून घेतलं. त्यातलं बरंचसं आता डोक्यातून गेलं. पण एक बंदूक अशी आहे की तिचं नाव निघालं की अजून अंगावर काटा येतो, आणि स्वतःची लाजही वाटते.

तेव्हा मी वाशिम जिल्ह्यातल्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तोच मोबाईलवर एक फोटो आला. कामरगावकडच्या एका खेड्यातली शस्त्रपूजा होती. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि मधोमध शेंदरानं माखलेली, झेंडू वाहिलेली एक बंदूक. पाठोपाठ फोन आला.

"साहेब, लायसन नाई त्याच्यापाशी. आजच या, नाहीतं लपवून टाकीन तो."

खेड्यातली अशी खबर बहुधा धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणातून येते. शेताच्या धुऱ्यावरून बोलणं तुटलं की माणसं एकमेकांची घरं पोलिसांना दाखवतात. हा फोनही बंदूकवाल्याच्या सख्ख्या पुतण्याचा निघाला. पण पोटदुखीतून आलेली खबर खोटीच असते असं नाही. मी दोन पंच घेतले आणि जीप काढली.

घरमालक सत्तरी ओलांडलेला शेतकरी. त्यानं काही लपवलं नाही. देव्हाऱ्याखालून बंदूक काढली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून माझ्यापुढं केली. शेंदराचा थर बोटभर जाड होता, लोखंड कुठं आणि लाकूड कुठं तेही कळेना. पंचनाम्यात 'गावठी बनावटीची बंदूक' असं लिहिलं, लाखेचं सील लावलं आणि म्हाताऱ्याला ठाण्यात आणून शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल केला.

"आबाजी, बंदूक कोणाकडून घेतली?"

"घेतली नाई, साहेब. माह्या बापानं आनली. जपानहून."

दारातले शिपाई फिदीफिदी हसले. मीही हसलो. "वा! जपानहून? एस.टी.नं आणली का बोटीनं?"

"बोटीनंच," तो शांतपणे म्हणाला. "बाप पलटणीत होता. मोठी लढाई सरली अन् जपान हारला, तवा पलटण जपानले गेलती. तिथं लोकायच्या घरातली हत्यारं जमा करून राह्यले होते, मोडाले. एका बुढ्यानं हे बंदूक बापाच्या हाती देल्ली अन् कमरेत वाकला. बोली समजे ना. पन बाप म्हने, तो वाचव म्हनून राह्यला होता."

"पलटणीचे कागद?"

"वाळवीनं खाल्ले."

"गावात कोणी साक्ष देईल?"

"गाव तं हासते, साहेब. बापाले जपान्या म्हनत, फेक्या म्हनत. बाप सांगे, नळीवर चांदीचं फूल हाय. पन आजीनं पहिल्याच दसऱ्याले तिले शेंदूर लावला, अन् दरसाली थर चढत गेला. देवाचा शेंदूर कोन खरवडते? फूल म्या कधी पाह्यलंच नाई. खरं सांगू? मलेबी वाटे, बाप फेकतेच."

माझं जेवण राहिलं होतं, डोकं तापलं होतं. "पुरे झाली जपानची सहल!" मी टेबलावर हात आपटला. "कोणत्या लोहारानं करून दिली ते सांगा, नाहीतर उद्या कोर्टात उभं करतो."

"मले आत टाका, चालते. पन तिले मोडू नका. वाचवाले देल्लेली वस्तू हाय."

त्याची भीती खोटी नव्हती. गुन्हा शाबित झाला असता तर बंदूक सरकारजमा होऊन मोडीतच निघाली असती.

योगायोगानं त्या दिवशी मुख्यालयाचा आर्मोरर, म्हणजे खात्याची हत्यारं दुरुस्त करणारा हवालदार, आमच्या रायफली तपासायला आला होता. निवृत्तीला टेकलेला, मितभाषी माणूस. बंदूक चालू स्थितीत आहे का, यावर त्याचं मत घ्यायचं म्हणून पंचांसमोर सील फोडलं. तो म्हणाला, "सायेब, नळी साफ केल्याबिगर काही सांगता येत नाई."

आबाजी उठून उभा राहिला. "देवाचा शेंदूर हाय. मीच काढतो."

पंचनाम्यात तशी नोंद घेतली आणि मी परवानगी दिली. गोडं तेल आणलं, जुनं धोतर फाडलं. म्हातारा जमिनीवर बसून चोळू लागला. शेंदराच्या खपल्या निघत गेल्या. आधी आठपैलू नळी दिसली. मग बाहेरच्या अंगाला बसवलेली पितळेची स्प्रिंग. आणि मग नळीच्या पाठीवर, रुपयाएवढं, चांदीचं एक फूल. पाकळी न् पाकळी शाबूत.

आबाजीनं फुलावर बोट ठेवलं आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला. "बाप्पा! खरं सांगत होता रे तू! म्या पोटच्या पोरानं तुले फेक्या समजलं!"

आर्मोररनं बंदूक हलक्या हातानं उचलली. "सायेब, आपल्याकडच्या जुन्या तोड्याच्या, म्हंजे जळत्या वातीनं उडवाच्या, बंदुकीची नळी तारेनं नाहीतं चामड्यानं बांधते. इथं पाहा, बांबूच्या खुंट्या हायेत. अन् दस्ता पाहा केवढासा. हे खांद्याले लावाची नाईच, गालाले लावाची हाय." लाकडाच्या ठोकणीनं त्यानं खुंट्या एकेक बाहेर काढल्या आणि नळी दस्त्यापासून वेगळी केली. नळीच्या पोटाला, जिथं कधी उजेड पोचला नव्हता तिथं, उभ्या ओळीत अक्षरं कोरलेली होती. आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हती, पण ती कुठली ते सांगायची गरज उरली नव्हती. मी खुर्चीतून कधी उठलो ते मला कळलंच नाही. शिपायांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. कोण्या परमुलखातल्या कारागिरानं कोरलेलं नाव आमच्या ठाण्यातल्या टेबलावर पडलं होतं, आणि मी त्याला पंचनाम्यात 'गावठी' लिहून बसलो होतो.

आबाजीला मी चहा पाजला, नोटीस देऊन घरी सोडलं. अक्षरांचे फोटो पुण्याच्या एका जपानी भाषेच्या प्राध्यापकांना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. कारागिराचं नाव होतं आणि त्याच्या गावाचं. बंदूक दोनशे वर्षांहून जुनी असावी, आणि असं फूल बहुधा मालकाच्या घराण्याची खूण असते, असं ते म्हणाले. बंदूक सरकारी प्रयोगशाळेत तपासायला पाठवली होती, तिथून अहवाल आला की नळी आतून फाटलेली आहे, दुरुस्त करूनही बंदूक चालणार नाही, वस्तू पुरातन आहे. अशा वस्तूला शस्त्र कायदा लागत नाही. न्यायालयानं प्रकरण बंद केलं आणि बंदूक परत द्यायचा हुकूम झाला.

ती न्यायला आला तेव्हा आबाजी म्हणाला, "साहेब, हा कागद तुमी गावात येऊन वाचा. म्या वाचला तं म्हंतील, बापासारखाच फेकते."

मी गेलो. वर्दीत गेलो. मारुतीच्या पारावर उभं राहून अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचला. मागून एक म्हातारा ओरडला, "अरे, मंग जपान्या खराच जपानले गेलता तं!" कोणीच हसलं नाही. खबर देणारा पुतण्या खाली मान घालून पुढं आला. जपान्या त्याचाही आजाच होता. "काका, मले फूल दाखव," तो म्हणाला. आबाजीनं बंदूक त्याच्या हातात दिली.

आयुष्यभर मी लोकांना बोलतं केलं आणि त्यांच्या बोलण्यात खोट शोधली. या प्रकरणानं मला एवढं शिकवलं की खोटं बोलणारा माणूस समोरच्याला पटेल असंच बेतून बोलतो. न पटणारं सांगून त्यावर ठाम राहायची हिंमत बहुधा खऱ्यालाच होते. आबाजीनं माझ्या पहिल्याच प्रश्नाला सगळं खरं सांगितलं होतं. त्या दुपारी आर्मोररला बोलवायच्या आधी मी केस डायरीत लिहिलं होतं, 'आरोपी उडवाउडवीची उत्तरे देत असून त्याचे म्हणणे विश्वासार्ह वाटत नाही.' केस डायरीचं पान फाडता येत नाही. ते अजून तिथंच असेल, खाली माझी सही घेऊन.