बिनगिअरचा ट्रॅक्टर आणि माफीचा कागद

मला माफी मागायची नव्हती, म्हणून मी ट्रॅक्टर खोलायला शिकले. लोकांना वाटतं, मला यंत्रांची हौस होती. कसली हौस आणि कसलं काय! पिंपरीच्या एका औषधाच्या कंपनीत सिरपच्या बाटल्या भरायच्या खात्यात मी कामाला होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गणपती उठले आणि दुसऱ्याच आठवड्यात मला कंपनीनं सस्पेंड केलं.

झालं असं, की सुटी झाली की गेटवर बायकांची झडती व्हायची. कुणी गोळ्या लपवून नेतंय का, हे बघायला. झडती घ्यायला एक बाई नेमलेली होती, त्यामुळे आमची काही तक्रार नव्हती. त्या दिवशी ती बाई आली नव्हती आणि आमच्या खात्याचे साहेब स्वतः खुर्ची टाकून बसले होते, शेजारी दोन वॉचमन. माझे केस तेव्हा कमरेखाली यायचे, अंबाडा चांगला मोठा व्हायचा. साहेब म्हणाले, "अंबाडा सोड."

"बाईला बोलवा, लगेच सोडते," मी म्हणाले. "नाहीतर असं करा, तुमच्या घरच्या बाईला आधी इथं केस सोडून उभं करा. मग माझं बघू."

मागं रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी गेटातून आत घेतलं नाही आणि संध्याकाळी कंपनीचा शिपाई घरी आला. निरोप असा, की उद्धटपणाबद्दल दिवाळीच्या आत माफी लिहून द्या आणि कामावर या, नाहीतर नाव कमी होईल. मजकूर त्यांनीच टाइप करून पाठवला होता, मी फक्त सही करायची. कर नाही त्याला डर कशाला? मी शिपायाला चहा पाजला आणि कागद त्याच्याच हाती परत दिला.

घरात मात्र माझ्या बाजूनं कुणी नव्हतं. घरात होतो आम्ही तिघं: मी, माझे यजमान आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची. यजमान स्वभावानं गरीब. "अगं, दोन ओळींचा तर कागद. सही केली तर काय हात झिजणारे का तुझा?" असं जेवताना रोज एकदा म्हणायचे. आत्याबाई तर सरळच बोलायच्या. "बाईच्या जातीनं इतकं ताठ ऱ्हाऊ न्हाई. सायब हाय तो. म्हनायचं चुकलं, आन् मोकळं व्हायचं."

"चुकलं नाही तर काय म्हणून म्हणू?" मी विचारायची. यावर त्या भांडी आपटायच्या.

आमची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली होती. उरले होते ते तुकडे. एक कंपनीच्या भिंतीला लागून, एक रस्त्याच्या वळणात, एक ओढ्याकाठी. गावात सगळ्यांची तीच गत. अशा तुकड्यांत मोठा ट्रॅक्टर वळतच नाही, भिंतीला तरी धडकतो नाहीतर ओढ्यात तरी जातो. म्हणून यजमानांनी देहूरोडच्या एका लिलावातून परदेशी बनावटीचा एक बुटका ट्रॅक्टर आणला होता. मैदानावरचं गवत कापायला वापरलेला. गावानं त्याला बघून पोट धरून हसून घेतलं. पण पठ्ठ्या त्या तुकड्यांत गिरकी घ्यायचा, आणि मग हसणारेच "आमचंही रान नांगरून द्या राव" म्हणत दारात यायला लागले.

त्याला गिअर नव्हते. इंजिन एक पंप फिरवायचं, पंप तेल दाबायचा आणि त्या तेलाच्या दाबावर चाकं फिरायची. पायाखाली एकच पेडल. चवडा दाबला की पुढं, टाच दाबली की मागं. दसरा झाला की रब्बीच्या नांगरटी निघतात. तेव्हा हा ट्रॅक्टर चालला तर घर माझ्या पगारावाचून चाललं असतं. नाही चालला, तर मला त्या कागदावर सही करायला लागली असती. दुसरी वाट नव्हती, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आणि नेमका दसऱ्याच्या तोंडावर तो दारातच बसला. पेडल दाबलं तरी जागचा हलेना. खाली तेलाचं थारोळं. यजमानांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "रडताय काय? खोला!"

मागच्या पडवीत आम्ही तो खोलला. तेल धरायला काही मिळेना म्हणून मी स्वयंपाकघरातली पितळी परात आणली, त्यावरून आत्याबाईंनी जो तोंडाचा पट्टा सोडला तो संध्याकाळपर्यंत. एका दांड्याभोवतीचं रबरी सील फाटलेलं होतं, तेल तिथूनच जात होतं. फाटकं सील खिशात घालून यजमान पुण्याच्या जुन्या बाजारात गेले आणि मापाला मिळतं एक घेऊन आले. मी प्रत्येक भाग रॉकेलनं धुतला आणि काढला त्याच क्रमानं जुन्या चादरीवर मांडून ठेवला. जोडताना एक नट उरला नाही, याचा मला फार अभिमान वाटला. नवीन तेल भरलं ते दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी. तेलातली हवा निघून जावी म्हणून भरायच्या भोकाचं बूच काढूनच ठेवलं, वर एक फडकं टाकलं आणि झोपलो.

दसऱ्याला आमच्याकडे विळ्या-कोयत्यापासून सायकलीपर्यंत सगळ्याची पूजा होते. सकाळी मी पुरणाला बसले होते. आत्याबाईंनी ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. यजमानांनी बूच लावलं, इंजिन सुरू केलं, चवडा दाबला आणि ट्रॅक्टर भुर्रकन अंगणाबाहेर! मी चुलीपुढून ओरडले, "साहेबाला म्हणावं, जा तुझा कागद घेऊन!"

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी रानात नांगराची चार तासं ओढून झाली आणि गाडी मंदावली. पंप कण्हायला लागला, मग चाकं थांबली. इंजिन बंद करून यजमान बांधावर बसले, बिडी ओढली, पुन्हा सुरू केलं तर गाडी ठणठणीत. पुन्हा चार तासं, पुन्हा तेच. पुरता दिवस असा गेला. ज्यांचं रान होतं त्यांनी शेवटी बैल आणले.

मग यजमानांनी चाकण रस्त्यावरच्या एका मिस्त्रींना बोलावलं. ट्रॅक्टर दुरुस्तीत त्यांचं नाव होतं, माणूसही भला. त्यांनी बराच वेळ आवाज ऐकला आणि म्हणाले, "पंप झिजला. तेल तापलं की दाब धरत नाही. याचा पंप हिंदुस्थानात कुठं मिळायचा? वहिनी, भंगारात घाला."

त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आता तरी कर सही." यजमान नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते मला जास्त लागलं. मी संतापले. "मिस्त्री म्हणाला म्हणजे ब्रह्मवाक्य झालं का? पुन्हा खोलू."

"अगं, कितींदा खोलणार?"

"सापडेपर्यंत!"

खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हतं. नुसता हट्ट होता. गाडी का थांबते हे मला कळत नव्हतं. पण सकाळी भाकऱ्या थापता थापता तो कण्हण्याचा आवाज मनातून जाईना. आमच्या खात्यात सिरपच्या टाकीखाली एक जाळी होती. तिच्यावर साखरेचा पापुद्रा बसला की पंप अस्साच कण्हायचा. पंप बंद केला की ओढ संपायची, पापुद्रा सुटून खाली पडायचा आणि पुन्हा थोडा वेळ सगळं सुरळीत. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठले. "अहो," म्हटलं, "तेल तापल्यामुळे नाही. काहीतरी आत तरंगतंय आणि पंपाच्या तोंडच्या जाळीला चिकटतंय. थांबवलं की सुटतंय."

"आत काय असणारे? तूच तर धुतलंस."

"म्हणून तर म्हणते, बघू."

पुन्हा परात आली. या वेळी आत्याबाई नुसत्या पडवीच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. यजमानांनी तेल सोडलं, तळाची जाळी ओढून बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. जाळीला चिकटलेल्या होत्या झेंडूच्या पाकळ्या. तेलानं काळपट झालेल्या, पण पाकळ्याच. परातीत बघितलं तर आणखी तरंगत होत्या, आणि तळाशी चार अक्षता.

आम्ही दोघांनी एकदमच मागं वळून बघितलं. आत्याबाई दाराला धरून उभ्या होत्या.

"उघडं हुतं गं," त्या म्हणाल्या. "फडकं उचललं तर तोंड उघडं. मला वाटलं, कलशात घालत्यात तशी पूजा आत बी पोचावी. लेकरासारखी सेवा केली त्यानं आपली, म्हनून मूठभर फुलं चुरून घातली."

यजमान डोळे मिटून खाली बसले आणि त्यांना हसू आवरेना. मला हसावं की रडावं तेच कळेना. इतक्या दिवसांचा राग होता, तो तोंडापर्यंत आलाही. पण त्या पुढं आल्या. सत्तरीला टेकलेली बाई, गावात जिचा शब्द कुणी मोडत नव्हतं, ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझा तेलकट हात धरून म्हणाली, "चुकलं माजं. तुझी मेहनत मातीत घातली मी."

एवढंच. कुणी टाइप करून दिलं नव्हतं, कुणी दिवाळीची मुदत घातली नव्हती. माझा राग कुठल्या कुठं गेला.

मग आम्ही तिघांनी मिळून सगळं धुतलं. तेल गाळायला सुती कापड घेतलं तर त्याचे धागे सुटतात, म्हणून मी माझी नायलॉनची चांगली साडी काढली. आत्याबाई "अगं नको, चांगली हाय" म्हणत होत्या, आणि म्हणता म्हणता तिचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या. यजमान वरून तेल ओतत होते. बूच मी स्वतः लावलं. त्या दिवशी दुपारपासून दिवे लागेपर्यंत ट्रॅक्टर भिंतीलगतच्या रानात फिरला. एकदाही कण्हला नाही.

दिवाळी तोंडावर आली आणि शिपाई पुन्हा आला, तोच कागद घेऊन. यजमान रानात होते. मी पडवीत नांगराचे फाळ पुसत होते. मी बोलायच्या आधीच ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या आत्याबाईंनी त्याला हाक मारली.

"काय रं, त्योच कागूद का?"

"व्हय मावशी. आजची शेवटची मुदत. वहिनींनी सही केली तर सायब समदं इसरायला तयार हायेत."

आत्याबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "हे बघ. माझ्या हातनं चूक झाली हुती. सासू असून मी सुनंला तोंडानं म्हनले, चुकलं माजं. मला काय शिंगं फुटली का? तुझ्या सायबाला जाऊन सांग, आता त्येची पाळी."

शिपाई घुटमळला. "मावशी, असं सायबाला कसं सांगू मी?"

"तोंडानं," आत्याबाई म्हणाल्या, आणि मेथी निवडायला लागल्या.